शनिवार तेली आणि युनिव्हर्सिटी

विद्यापीठाने समाजासाठी काय करावे, या प्रश्नावर आमच्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा मोठा समाज असतो. ज्याची गणती लाखांनी करावी लागते, ज्याचे वकील, संपादक आणि पुढारी अगोदरच तयार आहेत, अशा समाजाच्या हाती पदवी पडली म्हणजे तिचे काय होते, हे आपणांस ठाऊक आहे. ज्या समाजाची सारी माणसे एखाद्या तालुक्याच्या गावात सहज मावतील, त्याला विद्यापीठ काय देते आणि त्याच्याकडून काय घेते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. माझ्या मते विद्यापीठाची खरी परीक्षा येथेच व्हावयाची असते. मोठ्या समाजास एक वाट बंद झाली तर तो दुसरी पाडतो. लहान समाजास दुसरी वाट पाडण्याइतके हातच नसतात.

नाशिकास बसून हा विचार करू लागले की रामकुंडाच्या आसपास राहणाऱ्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आठवल्यावाचून राहत नाहीत. यात्रेकरू आला की त्याचे आडनाव, गाव, जात विचारून उपाध्याय आपले लाल बासन सोडतात आणि थोड्याच वेळाने त्याच्या आज्याच्या किंवा पणज्याच्या हातची अक्षरे त्याच्यापुढे ठेवतात. आपल्या पूर्वजाने याच घाटावर स्नान करून येथेच आपले नाव लिहिले, हे पाहून भल्याभल्यांचे डोळे पाणावलेले मी पाहिले आहेत. या वह्यांची थोरवी मोठी आहे. परंतु त्यांत नाव येण्यास मनुष्य विशिष्ट घरी जन्मावा लागतो. १८५७ साली मुंबईस एक निराळीच वही उघडण्यात आली. तिच्यात नाव चढण्यास गोत्र लागत नसे, परीक्षेस उतरणे लागे. पुढे १९२४ साली नाशिकास गोखले एज्युकेशन सोसायटीचे कॉलेज निघाले, तेव्हापासून १९४९ साली पुणे विद्यापीठ स्थापन होईपर्यंत आमच्या गावच्या मुलांची नावेही याच मुंबईच्या वहीत चढत होती. त्या वहीच्या जुन्या पानांवर कुलाबा जिल्ह्यातील काही आडनावे आढळतात. ती वाचताना कोणासही वाटावे की ही आपलीच कोकणी मंडळी. ती आपलीच होती, यात शंका नाही. मात्र ती ज्यू होती. त्यांच्याविषयी चार शब्द लिहावे, असा आज विचार आहे.

बेने इस्राएल हे नाव सामान्य मराठी वाचकास आजही परके वाटते. अलिबागेजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फार प्राचीन काळी एक गलबत फुटले आणि त्यांतून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, ही त्यांची परंपरागत कथा. पुस्तके समुद्रात गेली; उरली ती मुखोद्गत अशी एक छोटी प्रार्थना, सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम आणि शनिवारी काम न करण्याचा निर्धार. या लोकांनी कोकणात तेलाचे घाणे घातले. इतर तेल्यांचे घाणे सातही दिवस फिरत, यांचे शनिवारी बंद राहत. म्हणून गावाने त्यांस 'शनिवार तेली' असे नाव दिले. केहीम गावचे ते केहीमकर, राजपूरचे ते राजपूरकर, दिव्याचे ते दिवेकर. भाषा मराठी, लुगडे मराठी, ताटातला भात आणि मासळीही मराठी. मात्र ज्या माशाला खवले व पर नाहीत तो त्यांच्या घरी शिजत नसे. दावीद रहाबी नावाच्या परदेशी ज्यूने त्यांच्या बायकांस निरनिराळे मासे शिजवावयास दिले, आणि त्यांनी बिनखवल्याचे मासे बाजूस काढले तेव्हा त्याने त्यांस आपले म्हणून ओळखले, असे सांगतात.

ही कथा मला फार अर्थपूर्ण वाटते. त्या बायकांस मोशेचे नियमशास्त्र वाचता येत नव्हते, पण ते त्यांच्या हातात होते. एखादी विद्या ग्रंथाविना, भाषेविना, केवळ चुलीपाशी शतकानुशतके टिकून राहू शकते, याचे याहून चांगले उदाहरण मजपाशी नाही. परंतु अशा विद्येचा एक दुबळेपणाही असतो. 'हे तुम्ही का करता?' असे कोणी विचारले की तिच्यापाशी 'वडील करीत आले' याखेरीज उत्तर नसते. गावात हे उत्तर पुरते. शहरात पुरत नाही. आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून बेने इस्राएल मंडळी कंपनी सरकारच्या पलटणींत शिरून मुंबई शहरात येऊ लागली होती. पलटणीतील सामुएल इझेकिएल दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईस या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. लोक त्यास मशीद म्हणत, आणि मशीद बंदर स्टेशनाचे नाव त्यावरूनच पडले असे म्हणतात. शहराला हे लोक कोण हे नीटसे कळत नव्हते, याचा तो एक जिताजागता पुरावाच आहे.

अशा वेळी त्यांस हिब्रू शिकविण्यास पुढे आले ते ख्रिस्ती मिशनरी. १८२९ साली मुंबईस आलेल्या डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरणाचे पुस्तक लिहिले, ते या समाजासाठीच. विल्सनसाहेबांचा हेतू उघड होता. जुना करार वाचावयास शिकलेला मनुष्य आज ना उद्या नव्या कराराकडे वळेल, अशी त्यांची श्रद्धा होती. झाले निराळेच. बेने इस्राएलांनी व्याकरण घेतले, शाळा घेतली, शिक्षकांचा मान राखला, आणि विद्या झाल्यावर ते आपल्याच प्रार्थनामंदिरात परत गेले. ज्या शिडीने त्यांनी दुसऱ्याच्या घरात उतरावे अशी अपेक्षा होती, तिच्याच साहाय्याने ते आपल्या माळ्यावर चढले आणि तेथे पडलेले वडिलोपार्जित सामान त्यांनी खाली काढले. मिशनऱ्यांस या गोष्टीचे वैषम्य वाटले असेल. पण विल्सन हे खरे विद्वान होते, आणि आपल्या शिष्यांशी त्यांनी अखेरपर्यंत स्नेह ठेवला. हेच विल्सन पुढे मुंबई युनिव्हर्सिटीचे व्हाइस-चॅन्सेलर झाले.

युनिव्हर्सिटीने आपल्या परीक्षांत संस्कृत, लॅटिन, ग्रीक, अरबी इत्यादी अभिजात भाषांच्या पंक्तीस हिब्रूलाही बसविले. वरवर पाहता ही अभ्यासक्रमातील एक ओळ होय. तिचे महत्त्व कळण्यास आपण त्या काळच्या एखाद्या बेने इस्राएल मुलाच्या जागी उभे राहिले पाहिजे. त्याच्या शेजारी बसलेला ब्राह्मणाचा मुलगा संस्कृतात परीक्षा देतो. ती भाषा त्याच्या घरी देवापुढे उच्चारली जाते. या मुलाच्या घरीही देवापुढे एक भाषा उच्चारली जाते, परंतु ती त्याच्या आज्यालाही अर्थासह येत नाही, आणि आळीतल्या कोणास तिचे नावही ठाऊक नाही. आता तीच भाषा छापील कागदावर प्रश्नपत्रिका होऊन येते आणि तिला संस्कृताइतकेच गुण असतात. ज्या गोष्टीचे घरात थोडे प्रेम आणि थोडा संकोच वाटत असे, ती विद्या आहे असे शहरातील सर्वांत मोठ्या विद्यामंदिराने सही-शिक्क्यानिशी सांगितले. लहान समाजास याहून मोठे दान विद्यापीठ देऊ शकत नाही. नोकरी दुसरेही देतात. ही प्रतिष्ठा दुसऱ्या कोणास देता येत नाही.

या दानाचे चीज कसे झाले, हे पाहावयाचे असल्यास जोसेफ इझेकिएल राजपूरकर यांच्याकडे पाहावे. १८३४ साली जन्मलेले हे गृहस्थ मुंबईच्या डेव्हिड ससून यांच्या नावाच्या धर्मार्थ शाळेचे दीर्घकाल हेडमास्तर होते, युनिव्हर्सिटीचे हिब्रूचे परीक्षक होते, आणि पुढे तिचे फेलोही झाले. पण त्यांचे खरे कार्य परीक्षकाच्या खुर्चीवर झाले नाही. ज्यू लोकांच्या नित्य व नैमित्तिक प्रार्थनांची कितीतरी पुस्तके त्यांनी हिब्रूतून मराठीत आणली. ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ बायकापोरांच्या हाती दिला असे आपण अभिमानाने म्हणतो. त्याच जातीचे काम, अर्थात निराळ्या मापाचे, राजपूरकरांनी आपल्या समाजात केले. त्याच सुमारास, म्हणजे १८८० च्या आसपास, या समाजाने मराठी कीर्तनही उचलले. नारदाच्या गादीवरून अब्राहाम, योसेफ आणि मोशे यांची आख्याने साक्या-दिंड्यांत रंगू लागली. हिब्रू शिकल्याने हे लोक मराठीपासून दूर गेले नाहीत. उलट मराठीत सांगण्यासारखे काही त्यांच्यापाशी प्रथमच आले.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. मुंबईचे ज्यू म्हटले की पुष्कळांस ससून घराण्याचेच नाव आठवते. डेव्हिड ससून १८३२ च्या सुमारास बगदादकडून आले, आणि त्यांच्या घराण्याचे दान मुंबई-पुण्याच्या दगडी इमारतींवर आजही वाचावयास मिळते. सर जेकब ससून यांच्या देणगीचा मुंबईच्या विज्ञानसंस्थेच्या उभारणीत मोठा भाग होता. या औदार्याचे ऋण कोणी नाकारू नये. तथापि बगदादी श्रीमंत आणि कोकणी तेली यांच्यात सोयरीक तर नव्हतीच, पण बरोबरीची भावनाही सर्वत्र नव्हती. पैसा ससूनांनी दिला म्हणून बेने इस्राएल पुढे आले, असे समजणे चुकीचे होईल. त्यांच्या उन्नतीची मुळे त्यांच्याच अंगणात होती. हाईम सामुएल केहीमकर यांनी १८७५ साली समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली. तीच वाढत वाढत हायस्कूल झाली आणि पुढे सर एली कडूरी यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. याच केहीमकरांनी १८९७ साली आपल्या समाजाचा सविस्तर इतिहास इंग्रजीत लिहून पुरा केला. ते हस्तलिखित चाळीस वर्षे पडून राहिले आणि १९३७ साली छापले गेले, तेही मुंबईस नव्हे, तेल अवीव येथे. ज्या विद्यापीठाने या समाजाची भाषा परीक्षेस घेतली, त्याच्या शहरात त्याच समाजाच्या इतिहासास मुद्रक मिळू नये, यावरून ध्यानात येते की मान देणे आणि जाणून घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली आम्ही केली. दुसरी करावयाची राहिली.

असे असले तरी या समाजाने विद्यापीठाकडून जे घेतले त्याची फेड शहराला दामदुपटीने केली. १९०५ साली मुंबई युनिव्हर्सिटीच्या मॅट्रिक परीक्षेत सर्व इलाख्यात पहिली आली ती रिबेका रूबेन ही बेने इस्राएल मुलगी, पुण्याच्या हुजूरपागेची विद्यार्थिनी. तिने विलायतेस जाऊन शिक्षणशास्त्राचा व हिब्रूचा अभ्यास केला, आणि परत येऊन केहीमकरांच्या त्या शाळेची सूत्रे १९२२ पासून जवळजवळ तीन दशके सांभाळली. हुजूरपागेचीच दुसरी विद्यार्थिनी जेरुशा झिराड. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून पदवी घेऊन ती लंडनला गेली, तेथून १९१९ साली स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्रात एम. डी. होऊन आली, आणि १९२८ पासून १९४७ पर्यंत कामा हॉस्पिटलची प्रमुख होती. मुंबईत बाळंतपणात स्त्रिया का दगावतात, याची त्यांनी घरोघरच्या माहितीवरून केलेली पाहणी हे माझ्या दृष्टीने नागरिकधर्माचे आदर्श उदाहरण आहे. ज्या बायका दगावत होत्या त्यांत ज्यू अशा कितीशा असणार? विद्यापीठाने एका लहान समाजातील मुलीस दार उघडले, आणि तिने मोजणी केली ती सर्व शहराची.

पुरुषांची नावेही थोडी नाहीत. लोकमान्य टिळकांवरील १९१६ च्या खटल्यात बॅरिस्टर जिनांच्या बरोबर काम करणाऱ्यांत डेव्हिड एरुलकर होते. डॉ. इलायजा मोझेस १९३७ साली मुंबईचे महापौर झाले. महालक्ष्मीकडून वरळीला जाणारा रस्ता त्यांचे नाव सांगतो. ज्या नगरीत हा समाज काही हजारांहून अधिक नव्हता, तिच्या प्रथम नागरिकाच्या खुर्चीवर त्याचा मनुष्य बसला, आणि त्यासाठी कोणास राखीव मतांचा हिशेब करावा लागला नाही.

१९३७ हे वर्ष उच्चारताच मन युरोपकडे जाते, आणि तेथे जे दिसते त्याने विद्यापीठांविषयीचा आपला सारा भाबडेपणा उतरून जावा. जर्मनीची विद्यापीठे मुंबईच्या विद्यापीठाहून कितीतरी जुनी आणि कितीतरी विद्वान. संस्कृतचे मोठमोठे पंडित तेथे झाले. आमच्याकडील तरुण तेथे जाऊन डॉक्टर होऊन येत आणि जन्मभर त्या विद्यापीठांच्या गोष्टी सांगत. त्याच विद्यापीठांतून १९३३ च्या एप्रिलमधील कायद्याने ज्यू अध्यापकांस काढून टाकण्यात आले. आणि १० मे १९३३ च्या रात्री बर्लिनमध्ये व इतर विद्यापीठांच्या गावी पुस्तकांच्या होळ्या पेटल्या, त्या पेटविण्यात पुढाकार विद्यार्थ्यांच्याच संघटनेचा होता. हे अडाणी जमावाचे कृत्य असते तर आपण 'शिक्षण वाढले की सुधारेल' असे म्हणून समाधान करून घेतले असते. येथे होळीभोवती उभे असलेल्यांस ती पुस्तके वाचता येत होती. ज्या ज्यूंनी शंभर वर्षे विद्यापीठाच्या दारातून आत जाऊन त्या देशाचे विज्ञान, वैद्यक आणि तत्त्वज्ञान श्रीमंत केले, त्यांच्या तोंडावर ते दार एका सत्राच्या आत बंद झाले. आणि ते बंद करताना बहुसंख्य सहकारी गप्प राहिले.

तेथून निसटलेल्यांपैकी काही डॉक्टर मुंबईच्या बंदरात उतरले. त्यांच्यापाशी पदव्या होत्या, पण त्या पदव्यांवर येथे धंदा करता येईल की नाही, हा प्रश्न होता. येथील वैद्यकव्यवसायातही त्यांच्याविषयी सर्वांच्या मनात स्वागताचीच भावना होती असे नाही. बाहेरचा वैद्य आला की आपले रोगी जातील, ही भीती सर्वत्र सारखीच. अशा वेळी त्यांच्या पदव्यांस मान्यता मिळवून देण्यासाठी ज्यांनी आपले वजन खर्च केले, ते डॉ. अब्राहम एरुलकर हे बेने इस्राएलच होत. गांधीजींच्या उपवासाच्या वेळी त्यांची प्रकृती पाहणाऱ्या डॉक्टरांत त्यांचे नाव येते. शनिवार तेल्यांच्या वंशातील एक मनुष्य मुंबईस बसून जगद्विख्यात जर्मन विद्यापीठांच्या पदवीधरांची रदबदली करीत आहे, हा इतिहासाचा विलक्षण डाव नव्हे काय? विद्येच्या तराजूत ती विद्यापीठे जड भरतील, यात वाद नाही. परंतु माणसाला निवारा द्यावयाची वेळ आली तेव्हा पारडे फिरले.

म्हणून आपण गर्वाने फुगावे काय? नाशिककराने तरी नाही. महापौरांच्या निवडणुकीच्या सातच वर्षे अगोदर, २ मार्च १९३० रोजी, आमच्या पंचवटीत काळारामाच्या देवळापाशी सत्याग्रह सुरू झाला. त्याचे पुढारी डॉ. आंबेडकर हे याच मुंबई युनिव्हर्सिटीचे पदवीधर; शिवाय कोलंबिया आणि लंडन येथील सर्वोच्च पदव्या त्यांच्या नावापुढे होत्या. त्या साऱ्या पदव्यांनी मिळून देवळाचे एक दार उघडले नाही. वर्षामागून वर्षे गेली, आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्यास त्यांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याची घोषणा केली. विद्यापीठाच्या वहीत ज्याचे नाव मानाने चढते, त्याचे नाव गावाच्या वहीत चढतेच असे नाही. बेने इस्राएलांच्या वाट्यास कोकणात आणि मुंबईत छळ आला नाही, ही गोष्ट खरी आणि आपणांस भूषणावह. परंतु त्याचे श्रेय आमच्या उदारतेस किती आणि त्यांनी आमच्या देवळाच्या दारावर कधी थाप मारली नाही या गोष्टीस किती, हे प्रत्येकाने आपल्या मनाशी पडताळून पाहावे. दूर राहणाऱ्याशी उदार होणे सोपे असते. विद्यापीठाने नागरिक घडवावा असे आपण म्हणतो तेव्हा हा दुसरा, जवळचा, दार ठोठावणारा मनुष्यच डोळ्यांपुढे असावयास हवा. आंबेडकरांनी हे ओळखले होते. देवळाचा नाद सोडल्यावर त्यांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज उभे केले.

विद्यापीठ देते तसे घेतेही, हे मी प्रारंभी म्हटले. विद्यार्थिदशेत माझा एक बेने इस्राएल सोबती होता. त्याच्या आडनावावरून आम्ही त्यास कित्येक महिने कोकणस्थांच्या नाहीतर सारस्वतांच्या खाती घालीत होतो, आणि तोही हसून गप्प राही. एका वर्षी परीक्षेचा एक पेपर शनिवारी आला. आदल्या दिवशी संध्याकाळी तो माझ्या खोलीवर अभ्यासास आला होता. सूर्यास्ताच्या सुमारास त्याने पुस्तक मिटले, थोडा वेळ खिडकीबाहेर पाहिले आणि म्हणाला, "माझ्या पणजोबांचा घाणा उद्या बंद असता. मालकाचं नुकसान झालं असतं, पण घाणा फिरला नसता." दुसऱ्या दिवशी त्याने पेपर दिला, आणि चांगला दिला. वेळापत्रक करणाऱ्याच्या मनात कोणास दुखविण्याचा हेतू नव्हता. त्याच्या मनात हा मुलगा मुळी नव्हताच. दुष्टपणा समोर उभा असला की त्याच्याशी भांडता येते; अशा विसराळूपणाशी भांडावे तरी कोणी? एक दिवस पेपरासाठी, मग एक दिवस कचेरीसाठी, असे करीत करीत जे पुस्तके बुडाल्यावरही टिकले होते ते पुस्तके मिळाल्यावर सैल पडत जाते. माझ्या त्या सोबत्याची तक्रार नव्हती. पुढे तो कुटुंबासह इस्राएलास गेला.

तसे बहुतेक सारेच गेले. १९४८ च्या सुमारास वीस हजारांच्या आसपास असलेला हा समाज पुढील काही दशकांत येथून उठून गेला. त्यांस कोणी घालवून दिले नाही. धर्माची जुनी ओढ होती, नव्या राष्ट्राची हाक होती, आणि इंग्रजी अमलात ज्या रेल्वे, कस्टम आणि सरकारी कचेऱ्यांत त्यांचा जम बसला होता तेथे पूर्वीसारखी शाश्वती वाटेनाशी झाली होती. पण तिकडेही त्यांचे नाव वहीत सुखासुखी चढले नाही. १९६२ साली तेथील धर्माधिकाऱ्यांनी त्यांच्या विवाहांच्या बाबतीत वंशशुद्धीच्या चौकशीचा प्रश्न काढला. या मराठी ज्यूंनी त्याविरुद्ध धरणे धरले, आणि १९६४ साली तेथील लोकसभेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचा निर्वाळा दिला. संघटित होणे, अर्ज करणे, धरणे धरणे, कायदेमंडळापर्यंत जाणे, हे नागरिकपणाचे शिक्षण त्यांनी कोठे घेतले होते, हे सांगावयास नको. तेथे स्थायिक झाल्यावर त्यांनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक काढले. येथे असताना मराठीच्या आधाराने हिब्रू जतन केली. तेथे हिब्रूच्या गर्दीत मराठी जतन केली.

येथे आज काय उरले आहे? २०११ च्या शिरगणतीत साऱ्या भारतात ज्यू पाच हजारांहूनही कमी भरले. २०१६ साली महाराष्ट्र सरकारने त्यांस अल्पसंख्याक समाज म्हणून मान्यता दिली. उशिरा का होईना, ते चांगलेच झाले. परंतु सरकारी मान्यतेने जे होणार नाही ते विद्यापीठांस करता येण्यासारखे आहे. राजपूरकरांची प्रार्थनांची भाषांतरे, कीर्तनकारांची आख्याने, या समाजाची मराठी मासिके, हे सारे मराठी वाङ्मय आहे. फादर स्टीफन्स यांच्या १६१६ च्या ख्रिस्तपुराणास आपण मराठी वाङ्मयेतिहासात मानाने जागा दिली, मुसलमान मराठी संतकवींसही दिली. मग ज्यू मराठीस का देऊ नये? निस्सीम इझेकिएल यांस इंग्रजी कवी म्हणून सर्व विद्यापीठे शिकवितात, आणि ते योग्यच आहे. त्यांनी वृंदा नाबर यांच्यासह इंदिरा संतांच्या कविता इंग्रजीत नेल्या, ही गोष्ट मराठीच्या वर्गात किती जणांस सांगितली जाते? बेने इस्राएलांचा अभ्यास परदेशांतील विद्वान आपापल्या भाषांतून करीत आहेत. पण त्या मजकुरातले कोकणी वळण, त्यातली ओवी आणि म्हण ओळखावयास मराठी कान लागतो, आणि तो कान तयार करणे हे मराठी विद्यापीठांचेच काम आहे.

आता नाशिक हे स्वतःच विद्यापीठांचे गाव झाले आहे. १९८९ साली येथे मुक्त विद्यापीठ आले. घराबाहेर पडू न शकणाऱ्या गृहिणीस, कामगारास, शेतकऱ्यास घरबसल्या पदवी देण्याचे त्याने ठरविले. ज्ञानाची गंगा घरोघर नेण्याची भाषा त्याच्या बोधवाक्यातच आहे. गोदावरीच्या काठच्या माणसास ती भाषा लगेच समजते. मात्र येथल्या माणसास हेही ठाऊक आहे की गंगा घाटापर्यंत येते, आणि घाटावर कोणी उतरावे हे माणसे ठरवितात. तेथील मराठीच्या अभ्यासक्रमात राजपूरकरांच्या प्रार्थनेचे एखादे पान, एखाद्या बेने इस्राएल आख्यानाचा एखादा प्रसंग आला, तर पेठ-सुरगाण्याकडच्या एखाद्या मुलास प्रथमच कळेल की आपल्या भाषेत देवाला असेही हाक मारून झाले आहे. त्याने त्या लोकांपैकी एकही मनुष्य पाहिलेला नसेल. परंतु उद्या त्याच्याच गावात कोणी निराळा मनुष्य राहावयास आला, तर 'हा कोठला?' या प्रश्नाआधी 'हा काय जाणतो?' हा प्रश्न कदाचित त्याच्या तोंडी येईल. माझ्या समजुतीप्रमाणे नागरिकशास्त्राच्या साऱ्या पुस्तकांचे सार एवढेच आहे. आणि असा पेपर खरोखरच कधी निघाला, तर तो शनिवारी ठेवू नये, इतकी एक नम्र सूचना परीक्षा-विभागास आताच करून ठेवतो.